परिवर्तन व्यवस्थापनाची कौशल्ये : चरखा संघ ते आकुर्डी

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या अभ्यासक्रमांत ‘परिवर्तन व्यवस्थापन’ हा घटक आता सर्वत्र रूढ झाला आहे. कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या तीन अवस्था, म्हणजे जुनी घडी सैल करणे, बदल घडविणे आणि नवी घडी बसविणे, तसेच जॉन कॉटर यांच्या १९९६ च्या ग्रंथातील आठ पायऱ्या विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवितात. उदाहरणे मात्र बहुधा अमेरिकेतील कंपन्यांची असतात. वर्धा जिल्ह्यातील प्राध्यापकाला व विद्यार्थ्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. या जिल्ह्याच्या मातीशी नाते असलेल्या दोन संस्थांनी विसाव्या शतकात आपले स्वरूप मुळापासून बदलण्याचा प्रयत्न केला. एक अखिल भारतीय चरखा संघ आणि दुसरी बजाज ऑटो. एक लोकसेवेची संस्था, दुसरी नफ्यासाठी चालणारी कंपनी. तरीही दोहोंच्या उभारणीत वर्ध्याच्या बजाज घराण्याचा हात होता. जमनालाल बजाज हे १९२५ मध्ये पाटणा येथे स्थापन झालेल्या चरखा संघाचे कोषाध्यक्ष होते. आणि बजाज ऑटोचे मूळ रूप असलेली ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ १९४५ मध्ये ज्या नावाने सुरू झाली, ते नाव जमनालालांना दत्तक घेणाऱ्या वर्ध्यातील शेठ बछराज यांचे होय.

या दोन उदाहरणांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार येथे केला आहे. बदलाचा निर्णय एक व्यक्ती घेऊ शकते. पण बदल पेलण्याचे कौशल्य संस्थेत कोठे, केव्हा आणि कोणामध्ये निर्माण व्हावे लागते? पाठ्यपुस्तकांत या कौशल्याची चर्चा प्राय: नेतृत्वाचा गुण म्हणून होते. प्रत्यक्षात ते तळच्या पायरीपर्यंत पोहोचले नाही तर काय घडते, हे या दोन्ही संस्थांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

चरखा संघाचे नवसंस्करण

चरखा संघ ही भावनेवर चालणारी चळवळ होती, असा एक समज आहे. वस्तुत: ती देशभर पसरलेली मोठी व्यापारी रचना होती. कापूस घ्यावा, पेळू करून कातणाऱ्या स्त्रियांना द्यावेत, सूत मोजून मजुरी चुकती करावी, विणकराकडून कापड विणून घ्यावे, ते भांडारात विकावे आणि हिशेब ठेवावा, अशी ही साखळी होती. ही साखळी चालविणारे कार्यकर्ते याच कामात तरबेज झालेले होते. सुताचा कस ओळखणे, हिशेब, वाहतूक, विक्री ही त्यांची कौशल्ये होती.

या यंत्रणेला पहिला मोठा धक्का १९३५ मध्ये बसला. कातणाऱ्या स्त्रीला दिवसभराच्या श्रमाला मिळणारे काही पैसे ही मजुरी नसून शोषणच आहे, अशी भूमिका गांधीजींनी घेतली आणि आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला. संघातील अनुभवी मंडळींचा आक्षेप कोणत्याही विक्री व्यवस्थापकाला सुचेल असाच होता : मजुरी वाढली की खादी महागेल, महागली की खपणार नाही, खपली नाही की त्या स्त्रीला आहे ते कामही राहणार नाही. अखेर संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व मान्य केले, पण दर गांधीजींच्या अपेक्षेहून बराच खाली राहिला. या प्रसंगाकडे पराभव म्हणून पाहता येत नाही. अध्यक्षाने तत्त्व मांडले, कार्यकर्त्यांनी व्यवहाराची मर्यादा दाखविली आणि दोन्ही बाजू काही पावले सरकल्या. श्रीकृष्णदास जाजू यांच्यासारखा हिशेबात काटेकोर आणि तत्त्वात ठाम असा कार्यकर्ता वर्ध्यात होता, हेही त्याचे एक कारण म्हणता येईल.

खरी कसोटी १९४४ ची होती. मे महिन्यात आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून सुटल्यावर गांधीजी ऑगस्टमध्ये सेवाग्रामला परतले. सप्टेंबरमध्ये संघाच्या बैठकीत त्यांनी जो प्रस्ताव मांडला तो संघाच्या आजवरच्या यशावरच प्रश्नचिन्ह लावणारा होता. १९४२ च्या दडपशाहीत संघाची अनेक केंद्रे बंद पडली होती. सरकारच्या एका हुकुमाने बंद पडावी अशी खादी स्वावलंबनाची म्हणता येईल काय, असा त्यांचा रोख होता. खादी शहरात विकण्यासाठी नको, गावाने स्वत:साठी करावी. संघाने विकेंद्रित व्हावे. कार्यकर्त्याने गावात राहून शेती, गोपालन, आरोग्य, शिक्षण या सर्वांसह समग्र ग्रामसेवा करावी. या बदलाला ‘नवसंस्करण’ असे नाव मिळाले. पुढील वर्षी खादीच्या किमतीचा काही भाग ग्राहकाने सुताच्या रूपात द्यावा, असा नियमही लागू झाला.

निर्णयाच्या दृष्टीने पाहता परिवर्तनाचे इतके नि:संदिग्ध उदाहरण क्वचितच मिळेल. नेता दूरदर्शी, हेतू स्पष्ट, कारणमीमांसा समजावून सांगितलेली. कॉटर यांच्या पायऱ्यांपैकी निकड आणि दृष्टी या दोन्ही येथे पूर्ण झालेल्या दिसतात. अडचण निराळीच होती. ज्याने वीस वर्षे भांडाराची वही लिहिली, त्याला शेतीचा सल्ला देता येईल असे नाही. ज्याची प्रतिष्ठा विक्रीच्या आकड्यावर ठरत होती, त्याला आता विक्री कमी होणे हेच प्रगतीचे लक्षण मानायचे होते. कातणारी स्त्री रोख मजुरीसाठी कातत होती; स्वत:च्या वस्त्रासाठी कातणे हा तिच्या दृष्टीने वेगळाच व्यवहार होता, आणि तिच्या घरात त्यासाठी सवड किंवा कापूस होता की नाही, हे तिला कोणी विचारल्याचे फारसे दिसत नाही. सुताच्या नियमाचेही तसेच झाले. ग्राहकाने स्वत: कातावे हा हेतू होता, पण सूत विकत घेऊन भांडारात देण्याची पळवाट उघडी राहिली.

नव्या कामाचे शिक्षण सुरू झाले नव्हते असे नाही. परंतु त्यासाठी लागणारा काळ मिळाला नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. चरखा संघ पुढे सर्व सेवा संघात विलीन झाला. आणि १९५६ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या काळात खादीचा प्रमुख आधार पुन्हा भांडार, विक्री आणि सरकारी सवलत हाच झाला. नवसंस्करणाचा विचार चुकीचा होता म्हणून हे घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुनी कौशल्ये संस्थेच्या हाडीमासी खिळलेली होती आणि नवी कौशल्ये मूठभर कार्यकर्त्यांपुरतीच राहिली. नेतृत्वाचा दाब सरताच संस्था तिला येत असलेल्या कामाकडे परतली.

स्कूटरकडून मोटारसायकलकडे

दुसरे उदाहरण वर्ध्यातून पुण्याकडे नेते. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास प्रारंभ केला. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला, इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या सहकार्याने ‘व्हेस्पा’ तयार होऊ लागली आणि तो करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. जमनालालांचे पुत्र कमलनयन बजाज हे याच काळात वर्धा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत होते. त्यांचे पुत्र राहुल बजाज यांनी १९६८ मध्ये कंपनीची सूत्रे घेतली.

परवाना पद्धतीत किती वाहने तयार करायची हे सरकार ठरवीत असे. मागणी अधिक, उत्पादन मर्यादित. त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. विदर्भातील कित्येक घरांत स्कूटरचा क्रमांक लागणे ही लग्नकार्याइतकी महत्त्वाची वार्ता असे. अशा स्थितीत कंपनीकडे कोणते कौशल्य वाढते? कमी खर्चात, एकाच नमुन्याचे, टिकाऊ वाहन मोठ्या संख्येने तयार करण्याचे. पत्रा दाबून सांगाडा बनविणे, जोडणे आणि रंगविणे यांत आकुर्डीचे कामगार निष्णात होते. ग्राहकाची आवड ओळखण्याचे कौशल्य वाढण्याची गरज नव्हती, कारण ग्राहक रांगेत उभाच होता.

मोटारसायकलची चाहूल कंपनीला लागली नव्हती, हे म्हणणे बरोबर नाही. जपानच्या कावासाकी कंपनीशी करार करून बजाज ऑटोने १९८६ मध्येच मोटारसायकल बाजारात आणली. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली होती. फरक असा की हिरो होंडासाठी मोटारसायकल हेच सर्वस्व होते. बजाजसाठी तो स्कूटरच्या शेजारी चालणारा जोडधंदा राहिला. ग्रामीण भागातील रस्ते, इंधनाचा खर्च आणि प्रदूषणविषयक नियम या सर्वांमुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पारडे मोटारसायकलकडे झुकले आणि दुचाकी उत्पादनातील पहिला क्रमांक बजाजच्या हातून गेला. यशस्वी संस्थेला बदलाची माहिती नसते असे नाही; माहिती असूनही आपले उत्तम मनुष्यबळ व भांडवल ती जुन्या कामातच ठेवते, ही तिची खरी अडचण होय.

पुढचा टप्पा राजीव बजाज यांच्या नावाशी निगडित आहे. चाकण येथे नवा कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘पल्सर’ आली. या वाहनामागे स्वत:चा संशोधन विभाग, चार-स्ट्रोक इंजिनाचे स्वत:चे ज्ञान, निवडक पुरवठादारांशी जवळचे संबंध आणि यंत्राची निगा चालविणाऱ्या कामगाराकडेच सोपविणारी जपानी देखभाल पद्धती अशी क्षमतांची मोठी साखळी होती. या पद्धतीत कामगाराने केवळ कळ दाबायची नसते. यंत्राचा आवाज बदलला, तेल गळले, कंप वाढला तर कारण शोधून नोंद करायची असते. परिवर्तनाचे कौशल्य तळापर्यंत पोहोचविणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण ठरते.

परिणामही दिसला. २००५ च्या अखेरीस चेतकचे उत्पादन थांबले आणि कंपनी उभी राहिली ती मोटारसायकलवर. डिसेंबर २००९ मध्ये गिअर नसलेल्या स्कूटरचाही निरोप घेण्याचा निर्णय राजीव बजाज यांनी जाहीर केला, तेव्हा राहुल बजाज यांनी आपली व्यथा जाहीरपणे बोलून दाखविली. पित्याला न पटलेला निर्णय पुत्राने घेतला आणि पित्याने तो अध्यक्षपदावर असूनही अडविला नाही. नेतृत्वाच्या कौशल्याची चर्चा करताना या न अडविण्याचा उल्लेख क्वचित होतो. वस्तुत: ज्याने संस्था वाढविली त्याने आपले यश बाजूला ठेवू देणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आकुर्डीची बाजू

येथपर्यंतची कथा व्यवस्थापनाच्या वर्गात सांगितली जाते. तिचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. नवे कौशल्य प्रामुख्याने चाकणला, नव्या इमारतीत आणि तरुण कामगारांमध्ये रुजविण्यात आले. जुन्या आकुर्डी कारखान्यातील कामगारसंख्या स्वेच्छानिवृत्ती योजनांतून घटत गेली. एप्रिल २००७ मध्ये करसवलती असलेल्या उत्तराखंडातील पंतनगर येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबले. अडीच हजारांहून अधिक कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा प्रश्न उभा राहिला.

आर्थिक हिशेबाने हा निर्णय समर्थनीय होता, याबद्दल फारसे दुमत नसावे. परंतु कौशल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा निघतो. कंपनीने बदल शिकला. पण ज्यांनी जुनी कंपनी घडविली त्यांच्यापैकी अनेकांना तो शिकविण्याऐवजी त्यांच्या जागी दुसरे आणले. रिकामी पाटी लिहिणे सोपे असते. लिहिलेली पुसून पुन्हा लिहिण्यास वेळ व खर्च लागतो. चरखा संघाने जुन्याच माणसांवर नवे काम सोपविले आणि त्यांना पुरेसे शिकविता आले नाही. बजाज ऑटोने नवे काम नव्या माणसांवर सोपविले आणि जुन्यांना मोबदला देऊन निरोप दिला. एक बदल विरला, दुसरा टिकला. तथापि जुन्या माणसाच्या हाती नवे कौशल्य देण्याचा प्रश्न दोन्हीकडे सुटला नाही.

चाकणच्या तरुण कामगारांशीही पुढे संघर्ष टळला नाही. २०१३ च्या जून ते ऑगस्ट या काळात तेथे सुमारे पन्नास दिवस काम बंद राहिले. कामगार संघटनेची एक मागणी अशी होती की कंपनीचे समभाग कामगारांना प्रत्येकी एक रुपया दराने द्यावेत. व्यवस्थापनाने ती अमान्य केली. मालकाने स्वत:ला संपत्तीचा विश्वस्त मानावे, हा विचार ज्या वर्ध्यात रुजला, तेथून निघालेल्या उद्योगात ही मागणी पुढे यावी, हा योगायोग अभ्यासकाने नोंदविण्याजोगा आहे. यंत्राची जबाबदारी कामगारावर सोपविली की निर्णयातील आणि लाभातील वाटाही तो मागू लागतो. परिवर्तनाचे कौशल्य केवळ वरच्यांच्या सोयीपुरते शिकविता येत नाही.

सहभागाचा प्रश्न

या संदर्भात एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयुक्त ठरते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हारवुड नावाचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथे लेस्टर कॉच व जॉन फ्रेंच यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. काम करण्याची पद्धत थोडीशी बदलायची होती. एका गटाला बदल नुसता कळविण्यात आला. दुसऱ्या गटाचे प्रतिनिधी आखणीत घेतले गेले. उरलेल्या गटांत प्रत्येक कामगार आखणीत सहभागी झाला. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही आणि चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. सर्वांचा सहभाग असलेले गट लवकर सावरले आणि पूर्वीच्या पातळीच्याही पुढे गेले. कामगारांची जिद्द किंवा कुवत गटागटांत वेगळी नव्हती. त्यांना विचारले गेले की नाही, एवढाच फरक होता. हा प्रयोग जवळपास सर्व पाठ्यपुस्तकांत आहे, पण ‘विरोधावर मात कशी करावी’ या शीर्षकाखाली. जणू विरोध हा कामगाराच्या स्वभावाचा दोष आहे.

भारतीय कायद्यात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९-अ समाविष्ट झाले. त्यानुसार वेतन, पाळ्या, कामाचे तास आणि कामगार कमी होण्याची शक्यता असलेली यंत्रसुधारणा अशा बाबींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देणे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही बदलाच्या सूचनेची तरतूद कायम आहे. मात्र सूचना म्हणजे सल्लामसलत नव्हे. हारवुडच्या भाषेत बोलायचे तर कायदा पहिल्या गटाला थोडा अवधी देतो, इतकेच.

या संहितेतील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळची आहे. कपातीत नोकरी गेलेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावयाची आहे आणि ती ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. कौशल्य बदलण्याचा खर्च उद्योगाने उचलावा, हे तत्त्व कायद्याने मान्य करणे स्वागतार्ह होय. परंतु नोकरी गेल्यानंतरचे हे साहाय्य पंधरा दिवसांच्या पगाराइतके आहे. शिवाय कायद्यातील कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे. म्हणजे आकुर्डीच्या मार्गाने बाहेर पडणाऱ्या कामगारापर्यंत हा निधी आजही पोहोचणार नाही. स्वेच्छानिवृत्तीतील ‘स्वेच्छा’ किती, हा प्रश्न तर वेगळाच.

वर्धेजवळील भूगाव येथील पोलाद कारखान्याचे उदाहरणही जिल्ह्यातील वाचकांना परिचित आहे. लॉइड्स, उत्तम आणि आता इव्होनिथ, अशी नावे या कारखान्याच्या फाटकावर येत गेली. शेवटचा बदल नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या प्रक्रियेतून, २०२० मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार झाला. या प्रक्रियेत योजना मंजूर करण्याचे मत धनकोंच्या समितीकडे असते. कामगारांच्या थकीत रकमांचा हिशेब त्यात होतो. त्यांच्या कौशल्याचा आराखडा योजनेत असावा, अशी अपेक्षा मात्र कोणी करीत नाही. नव्या मालकाला भट्टी पेटविण्यासाठी ती भट्टी ओळखणारी जुनीच माणसे लागतात, ही गोष्ट कागदावर कोठेही नोंदविलेली नसते.

प्रशिक्षणाचे स्थान

कंपन्यांत परिवर्तनाच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च बहुतांशी वरच्या दोन-तीन स्तरांवर होतो. निवासी शिबिरे, व्याख्याने, प्रमाणपत्रे यांचा लाभ व्यवस्थापकांना मिळतो. पर्यवेक्षक आणि पाळीप्रमुख हे त्यात क्वचितच असतात. वास्तविक बदलाची बातमी कामगाराला प्रथम त्यांच्याच तोंडून कळते आणि कामगाराची शंका प्रथम त्यांच्याच कानावर येते. चरखा संघात हे स्थान केंद्रावरील कार्यकर्त्याचे होते. त्याला नव्या धोरणाचा अर्थ पटला होता काय आणि नव्या कामाचे हात त्याच्याकडे होते काय, यावरच १९४४ च्या ठरावाचे भवितव्य अवलंबून होते. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी पुढे हिंगणघाट, देवळी, बुटीबोरी येथील कारखान्यांत नेमके याच मधल्या पायरीवर रुजू होतात. त्यांना कॉटर यांच्या आठ पायऱ्या येत असतात; पण दहा वर्षे एकाच यंत्रावर काम केलेल्या माणसाला दुसरे यंत्र कसे शिकवावे, त्याचे उत्पादन सुरुवातीला घसरेल तेव्हा त्याचा बोनस कसा सांभाळावा आणि त्याची तक्रार वर कशी पोहोचवावी, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही.

आता दुचाकी उद्योग पुन्हा एका वळणावर आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाज ऑटोने विजेवर चालणारी चेतक सादर केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आणली. तिच्यासाठीचा नवा कारखाना १० जून २०२२ रोजी, म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत दिवंगत झालेल्या राहुल बजाज यांच्या जन्मदिनी, सुरू करण्यात आला. त्याची जागा आकुर्डी हीच होती. जेथे वाहन उत्पादन थांबले होते, तेथेच पंधरा वर्षांनी पुन्हा चेतक तयार होऊ लागली. इंजिनाऐवजी आता तिच्यात विद्युत मोटार आणि बॅटरी आहे. २००७ साली चाळिशीत असलेला आणि निरोप घेतलेला कामगार त्या दिवशी पंचावन्न वर्षांचा होता.